प्रॉम्प्टर

फळ्यावरचा तो चौकोन बाईला केव्हाच पाठ झाला होता. आईकडचं एक जनुक चांगलं, एक बिघडलेलं. बापाकडचं एक चांगलं, एक बिघडलेलं. चार घरं, आणि त्यांतल्या एका घरात दोन्ही बिघडलेली एकत्र. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात सिकलसेलच्या खोलीत समुपदेशक मॅडमनी तो तिला अनेकदा काढून दाखवला होता. बाई चौथी शिकलेली, पण हिशोबाला पक्की. 'प्रत्येक बाळंतपणात नव्यानं, चारात एक' हे वाक्य ती मॅडमच्या आधीच म्हणून टाकायची. पहिलं मूल तसं निघालं म्हणून दुसरं सुटतं असं नाही, हेही तिला उमगलं होतं. तिला दोनच मुलं झाली आणि दोन्ही वेळा तेच घर लागलं.

थोरला मुलगा सतराव्या वर्षी गेला. ताप आला, छाती भरली, दम लागला आणि सगळं आटोपलं. धाकटी मुलगी आता चौदा वर्षांची. तिच्यासाठी हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल न्यायला बाई दर महिन्याला यायची. यायची, सही करायची, मुलीचं रक्त तपासून घ्यायची आणि जाताना एक वाक्य दारात ठेवून जायची, "मीच देल्लं न मॅडम माह्या लेकरायले."

हे वाक्य तिचं एकटीचं नव्हतं. सासरच्यांनी ते तिच्या तोंडी घातलं होतं. मुलगा नऊ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांची बोटं सुजली, तेव्हा सासू म्हणाली, हे माहेराहून आणलंस. पुढे तपासणीत 'एसएस', म्हणजे दोन्ही बिघडलेली, असं लिहून आलं, तेव्हा भासरे, म्हणजे थोरले दीर, म्हणाले, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. नवरा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. आपलं रक्त तपासायला तो कधी गेला नाही. मुलगा गेल्यावर तर बोलायचं काही उरलंच नाही. पाप कोणाचं ते गावानं ठरवून टाकलं होतं.

मॅडम नव्या होत्या, मन लावून काम करणाऱ्या होत्या. त्यांना ज्ञान होतं, आणि ज्ञान सांगितलं की अपराधाची भावना उतरते असा विश्वास होता. एका खेपेला त्यांनी बाईला समोर बसवलं आणि सगळं नीट समजावून सांगितलं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा नावाची साखळी असते, १४६ दुव्यांची. तिच्यात सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथं व्हॅलिन येतं. बदल एवढाच. प्राणवायू कमी झाला की अशा हिमोग्लोबिनच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं आतून फोडल्यासारखी दुखतात. चांगली पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. हे कोणी करत नाही. घडतं. दोन वाहकांचं लग्न झालं की कोणत्या मुलाला काय मिळेल ते कोणाच्या हाती नसतं. "म्हणून सांगते," मॅडम म्हणाल्या, "यात कोणाचाच दोष नाही. तुमचा नाही, तुमच्या नवऱ्याचा नाही. हा फक्त योगायोग आहे."

बाई बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, आतापरयंत मले वाटे, मी काही पाप केलं असन म्हणून गेला. लय जड होतं ते. पन त्याले कारन तरी होतं. आता तुमी म्हणता, कोनाचाच दोष नाई. मंग माहा पोरगा उगाच गेला का?"

मॅडमकडे याचं उत्तर नव्हतं. खरं तर कोणाकडेच नसतं. पण या प्रश्नापाशी थोडं थांबायला हवं, कारण शिकलेली माणसं इथंच घाई करतात. 'माझं चुकलं' असं म्हणणारा माणूस स्वतःला नुसता छळत नसतो. जगाला काही नियम आहे, केल्याचं फळ मिळतं, एवढा विश्वास तो त्या चुकीच्या आधारानं टिकवून धरत असतो. तो आधार काढून घेतला आणि तिथं 'योगायोग' एवढाच शब्द ठेवला, तर शास्त्र बरोबर ठरतं आणि माणूस निराधार होतो. बाईला पापातून सोडवणं योग्यच होतं. पण सोडवून तिला ठेवायचं कुठं, याचा विचार कोणी केला नव्हता.

मॅडमना तो प्रश्न घरापर्यंत येऊन चिकटला. 'जेनेटिक कौन्सेलिंग' हे नाव १९४७ साली अमेरिकेतल्या शेल्डन रीड यांनी रूढ केलं, हे त्या अभ्यासक्रमात शिकल्या होत्या. माहिती द्यायची, निर्णय लादायचा नाही, हेही शिकल्या होत्या. पण माहिती देऊन झाल्यावर समोरचं माणूस रिकामं होऊन बसलं तर काय करायचं? समाजकार्याच्या शिक्षणात त्यांनी व्हिक्टर फ्रँकल वाचला होता. तो त्यांनी पुन्हा काढला.

फ्रँकल व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. नाझींच्या छळछावण्यांत त्यांनी आई, वडील, भाऊ आणि पत्नी गमावली. स्वतः १९४५ साली जिवंत बाहेर आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आयुष्याला काय अर्थ आहे हे आपण आयुष्याला विचारायचं नसतं, आयुष्य आपल्याला विचारत असतं, आणि उत्तर आपल्या वागण्यातून द्यायचं असतं. माणसाला अर्थ तीन वाटांनी सापडतो. आपण जगाला काही देतो त्यातून. कोणावर प्रेम करतो, काही सुंदर अनुभवतो त्यातून. आणि जे दुःख टळतच नाही त्याच्यासमोर आपण कसे उभे राहतो त्यातून. मात्र टाळता येणारं दुःख आधी टाळायचं, हे फ्रँकलनीच बजावून ठेवलं आहे. मला ही अट फार मोलाची वाटते. जिच्या हाडांत कळा चालू आहेत तिला जगण्याचा अर्थ विचारणं हा क्रूरपणा आहे. तिला आधी सलाईन आणि वेदनाशामक द्यायचं.

याच विचारावर न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात विल्यम ब्राइटबार्ट यांनी बळावलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी सात-आठ बैठकांची एक पद्धत बसवली. त्यात रुग्णाला त्याच्या वारशाबद्दल विचारतात : मागच्यांकडून काय मिळालं, आपण काय जगलो, पुढच्यांना काय देणार. मॅडमनी या पद्धतीबद्दल वाचता वाचता हातातलं खाली ठेवलं. आपल्या खोलीतही दिवसभर वारशाचंच बोलणं चालतं. फक्त आपण रक्ताच्या वारशापाशी थांबतो.

सात बैठका कुठल्या मिळणार! दवाखान्यात एकेका माणसाला जेमतेम पंधरा मिनिटं, बाहेर रांग. म्हणून त्यांनी पद्धत बाजूला ठेवली आणि प्रश्न तेवढे जवळ ठेवले.

पुढच्या महिन्यात बाई आली ती मुलीला उचलून घेऊनच. थंडीचे दिवस; शाळेच्या सहलीत पोरगी नदीच्या पाण्यात उतरली होती आणि रात्रीपासून पाय, पाठ, सगळं पेटलं होतं. सलाईन लागलं, इंजेक्शन झालं. दुपारपर्यंत पोरीचा चेहरा सैल पडला, तिला झोप लागली. बाई खाटेच्या कडेला बसून होती. रांग ओसरल्यावर मॅडम तिथं स्टूल ओढून बसल्या. या वेळी त्यांनी चौकोन काढायला कागद आणला नव्हता.

"तुमचा मुलगा कसा होता हो?"

"नऊ महिन्याचा होता तं बोटं सुजली. मंग तिसऱ्या वरसी पानथरी वाढली..."

"आजार नाही विचारत. तो कसा होता?"

बाईनं चमकून वर पाहिलं. हा प्रश्न तिला या इमारतीत कोणी विचारला नव्हता. मुलाची फाइल जाडजूड होती, त्यात हिमोग्लोबिनचे आकडे होते, रक्त चढवल्याच्या तारखा होत्या; तो कसा होता ते त्यात कुठंच नव्हतं.

"वांड होता," ती म्हणाली, आणि हसली.

मग ती थांबलीच नाही. पोराला रोवणीला जाता येत नव्हतं. गुडघाभर चिखलपाण्यात दिवसभर वाकलं की तिसऱ्या दिवशी दवाखाना ठरलेला. गोठ्यातलं जड कामही नाही. सगळी पोरं मजुरीला जात, हा घरी. पण झाडीपट्टीत दिवाळी झाली की मंडई भरते, आणि मंडई म्हणजे नाटक. रात्रभर चालणारं. याला नाटकाचं वेड. उभं राहून काम करणं झेपायचं नाही, नाच तर नाहीच. म्हणून हा प्रॉम्प्टर झाला. पडद्याआड पोतं अंथरून, अंगाभोवती घोंगडी, शेजारी पाण्याची बाटली. कागद हातात असायचा, पण बघावा लागायचा नाही. सगळ्यांची सगळी वाक्यं त्याला पाठ. राजाची, राणीची, चोराची.

"येका सालचं सांगतो मॅडम. याचा चुलतभाऊ हिरो होता. माह्या भासऱ्याचा पोरगा. जमीनदार म्हणे, तुहं घर जाळून टाकीन! अन हिरो वाक्यच इसरला. उभाच. लोकं आता हुर्यो करतीन, असं झालं. कागदात होतं ते लांबलचक होतं, तेवढं सांगाले टाइम नोता. तं यानं मागून आपलंच हळूच सांगलं, 'जाळ. उजेडात तुहं तोंड तरी दिसन गावाले.' हिरो तेच बोलला. मंडपात अशा टाळ्या! पुढच्या सालपासून कागदातच लिवलं ते. आताबी घेते म्हंते लोकं." ती थांबली. "मी नाई गेली पाहाले. तो गेल्यावर नाटकच नाई पायलं."

मॅडम काही बोलल्या नाहीत. 'बघा, तुमचा मुलगा उगाच नाही गेला' हे वाक्य त्यांच्या जिभेवर आलं होतं आणि त्यांनी ते गिळलं. मृत्यूला अर्थ चिकटवणं हे त्यांचं काम नव्हतं. त्या पोराचं मरण तेव्हाही उगाचच होतं, आजही उगाचच आहे. त्याचं जगणं मात्र उगाच नव्हतं, आणि हे आता बाई स्वतःच सांगत होती. दुसऱ्यानं हातात ठेवलेला अर्थ टिकत नाही. समुपदेशकानं जागा करून द्यायची आणि आपलं तोंड आवरायचं. हे दुसरं जास्त कठीण.

थोड्या वेळानं बाईनंच विचारलं, "मॅडम, पन हे आलं कुठून पयले? देवानं हे घातलं काहून रक्तात?"

याचं उत्तर मॅडमजवळ होतं, आणि ते त्यांनी आजवर आपल्या खोलीत कधी सांगितलं नव्हतं. परीक्षेपुरतं शिकून ठेवून दिलं होतं. १९५४ साली अँथनी ॲलिसन नावाच्या शास्त्रज्ञानं पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं होतं की, ज्यांच्या रक्तात हे बिघडलेलं एकच असतं, म्हणजे जे वाहक असतात, त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथं मलेरिया फार, तिथंच सिकलसेल टिकून राहिला. आफ्रिकेत तसंच, इथं जंगलपट्ट्यातही तसंच. गडचिरोलीत आजही महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त मलेरिया. औषध नव्हतं त्या काळी तापानं घरंच्या घरं बसत असतील. त्यात ज्या लेकरांच्या रक्तात हे होतं त्यांतली जास्त वाचली, मोठी झाली, त्यांना लेकरं झाली.

"मंजे यानं कोनाची तरी लेकरं वाचली?"

"वाचली. तुमच्या कुठल्यातरी आजीची, पणजीची. तुमच्या नवऱ्याच्याही."

"त्याच्याबी?"

"दोघांकडून आल्याशिवाय एसएस होत नाही. चौकोन तुम्हाला माहीत आहे."

बाईला माहीत होतंच. तरी ती पुन्हा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी बसून राहिली. जे इतकी वर्षं पाप म्हणून डोक्यावर होतं ते एकेकाळी कोणाच्या तरी पाळण्याची राखण करत होतं. यामुळे मुलगा परत येणार नव्हता, की दुःख रतीभरही कमी होणार नव्हतं. पण शरम आणि दुःख एकात एक कालवली गेली होती, त्यातली शरम निराळी काढता आली. उरलं ते निखळ दुःख, आणि त्याचा भार माणसाला पेलता येतो.

सलाईनची बाटली संपत आली तेव्हा ती अचानक म्हणाली, "त्या हिरोचं साक्षगंध आहे पुढच्या महिन्यात. पोरगी वडशाकडची."

दोघीही गप्प झाल्या. हिशोब दोघींना येत होता. नवरा वाहक असणारच. तो नसता तर मुलगी एसएस झाली नसती. मग भासरे वाहक असण्याची शक्यता निम्मी, त्यांच्या मुलाची त्याच्या निम्मी. आणि मुलगी याच भागातली.

"त्यांना माहीत आहे?" मॅडमनी विचारलं.

"मी काहून सांगू?" बाईचा आवाज चढला. "दवाखान्यात पोरगं मरत होतं तवा भासरे दारात उभे राहून म्हनत होते, आमच्यात नाई, आमच्यात नाई. आता निंगू द्या त्यायच्यातबी. मंग समजन."

मॅडमनी तिला आवरलं नाही. शांतपणे म्हणाल्या, "मी तुमच्या भासऱ्यांकडे जाणार नाही, फोनही करणार नाही. तुमच्या घरची गोष्ट तुमची आहे. सांगायलाच पाहिजे असंही मी म्हणत नाही. एवढंच विचारते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्या घरात दुसऱ्या कोणाला नाही. मग याचं तुम्ही काय करणार?"

"काईच नाई," बाई म्हणाली आणि पोरीला उठवायला लागली.

'तुमचा मुलगा असता तर त्यानं काय केलं असतं?' असा एक प्रश्न मॅडम विचारू शकल्या असत्या. त्यांनी तो विचारला नाही, आणि माझ्या मते हीच त्या दिवशीची त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी. मेलेल्या मुलाला साक्षीला उभं करून आईकडून काही करवून घेणं ही जबरदस्तीच, मग ती कितीही गोड आवाजात केलेली असो.

साक्षगंधाला आठ दिवस उरले असताना बाई संध्याकाळी भासऱ्याच्या घरी गेली. मुलगी बरोबर होती. नवऱ्याला तिनं फक्त सांगितलं होतं की जात आहे. तो काही न बोलता चप्पल घालून मागोमाग आला. अंगणात मंडपाचे बांबू येऊन पडले होते. भासऱ्यासमोर ती कधी बोललेली नव्हती. आताही ती पदर सावरून स्वयंपाकघराच्या दाराशी जावेजवळ बसली आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलायला लागली. "बाई, साक्षगंधाच्या आगोदर पोराचं रक्त तपासून घ्या. सिकलसेलचं. पोरीचंबी घ्या."

बाहेरून भासऱ्यांचा आवाज आला, "शुभ कामात हे काहून काढता? आमच्या घराण्यात ते नाई."

बाईचे शब्द अडकले. घरून पाठ करून आणलेलं सगळं पार पुसून गेलं.

"मोठेबाबा," मुलगी म्हणाली, "माझ्यासारखं व्हायला दोघांकडून यावं लागते. एकट्या आईकडून आलं असतं तर मला काहीच झालं नसतं."

कोणी काही बोललं नाही. मग ओट्यावर बसलेला नवरा म्हणाला, "माह्यातूनबी आलं दादा. अन माह्यात हाय मंजे आपल्या मायबापातून आलं. तुमच्यातबी असन, नसनबी. पाहून घ्या. माहा पोरगा गेला, तवा मी नाई बोललो."

भासरे उठून अंगणात गेले आणि बांबू मोजल्यासारखं करत उभे राहिले. ते परत आत आले नाहीत. पुतण्या मात्र चुलतीच्या समोर येऊन बसला. "काकू, दोघायलेही निंगालं तं सोयरीक मोडाव लागते का?"

"मोडाच असं नाई म्हनत मॅडम. समजून घेऊन लगन करनारेबी हायत. दिवस राह्यले का तिसऱ्या महिन्यातच तपासता येते म्हंते. येकालेच असन तं काईच अडचन नाई. ठरवाचं तुमी दोघायनं. पन मालूम पाह्यजे."

"मी तिले आजच फोन करतो."

"तिच्यासंग बोल. तिच्या बापाआधी तिच्यासंग."

जाऊ इतका वेळ चुलीकडे तोंड करून होती. तिनं डोळे पुसले की धूर झटकला ते समजलं नाही. मग तिनं विचारलं, "उपाशीपोटी जाव लागते का वो?"

"नाई बाई. जेवूनच निंगा. अन पानी भरपूर पेऊन या म्हना दोघायले, शीर लवकर सापडते."